आत्याचे ऐन

आमच्या आत्याची बांधावरची पाच ऐनाची झाडं वेल्ह्याच्या त्या अख्ख्या उतारावर लांबून ओळखू यायची. लोकांची झाडं उन्हाळ्यात सरसकट बोडकी आणि हिची मात्र न्हावी अर्धी हजामत टाकून पळाल्यासारखी. गावात तिला ‘ऐनवाली’ म्हणत आणि तिलाही ते आवडायचं.

भाताच्या रोपासाठी वाफे भाजायला, म्हणजे राबाला, तिकडे ऐनाच्या फांद्या लागतात. थंडी सरता सरता त्या तोडायच्या, वाळवायच्या, वाफ्यावर पसरून पेटवायच्या. पण सत्तरीतली आत्या कोयता घेऊन झाडावर चढली की आधी फांद्या चाचपायची. देठाने लटकलेला, लहान अंड्याएवढा टणक कोष सापडला की डहाळी वाकवून तो कानाशी हलवायची. आत ठक् वाजलं की ती फांदी वाचली. "आत वस्तीला कुणी हाय, घर कसं पाडू?" म्हणायची.

राब कमी पडायचा, रोप विरळ यायचं आणि तिचा मुलगा, आमचा दादा, वैतागायचा. "पाखरं जगवतीस, मग आमी काय खायाचं?" भाकरी थापता थापता आत्या म्हणायची, "तुमी कमी खावा. ते तर खाईतच न्हाई."

ते खरंच होतं. पावसाच्या तोंडावर त्या कोषातून टसर रेशमाचा पतंग निघतो. तळहाताहून मोठा, चारही पंखांवर काचेसारखा एकेक ठिपका आणि खायला तोंडच नाही. जोडी जमवायची, अंडी घालायची, आठवडाभरात संपायचं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मला हे पुस्तकात वाचावं लागलं. आत्याने ठिपक्यामागे बोट धरून, "दिसतं का ग?" एवढंच विचारलं होतं.

एका वर्षी मुलांना दाखवायला म्हणून मी हट्टाने दोन कोष भोरला माझ्या घरी आणले. "न्हे की. पर अळ्या झाल्या तर खायाला काय घालशील?" आत्याने विचारलं. "तुतीचा पाला. रेशमाचे किडे तुतीच खातात," मी बाईंच्या थाटात सांगितलं. जूनमध्ये पडद्यावर जोडी बसली, अंडी झाली, अळ्या निघाल्या आणि त्यांनी तुतीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी निम्म्या मेल्या. फोनवर आत्याला सांगताना मला रडू आवरेना.

दुपारी ती दारात उभी. नसरापूरला एसटी बदलून आली होती, डोक्यावर ओल्या गोणपाटात ऐनाच्या डहाळ्या. म्हशीपायी आमच्याकडे कधी एक रात्र न राहिलेली बाई त्या अळ्यांसाठी आठ दिवस राहिली. रागावली नाही. "तुज्या पुस्तकातली येगळी असतील. ही आपल्याकडची हाईत," एवढंच म्हणाली. जगलेल्या अकरा अळ्या डब्यात घालून, डबा मांडीवर धरून ती परत गेली आणि तिने त्या एकेक करून आपल्या झाडांवर सोडल्या.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आत्या गेली. चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. इतकं प्रेम माझ्यावर नंतर कुणी न बोलता केलं नाही.

माघात दादाने मला बोलावून घेतलं. कोयता घेऊन तो झाडाखाली थांबला होता. "मला त्यातलं ऐकू येत न्हाई. तूच बग. तू सांगशील तेवडं तोडतो." शिडी लावून मी पाचही झाडांवर चढले. कोष बरेच होते. एकेक कानाशी धरला, हलवला, पुन्हा हलवला. ठक् वाजलं असं वाटे आणि लगेच नाही वाजलं असंही वाटे. इतकी वर्षं तिला बघत आले, पण एकदाही तिच्या हातातला कोष माझ्या कानाला लावून घेतला नव्हता. खाली उतरून मी दादाला सांगितलं, कुठल्यात वस्ती आहे ते मला कळत नाही.

दादाने एकदा वर पाहिलं. मग त्याने कोयता माझ्या हातात दिला.

"आई निदान निम्मं तरी तोडायची," तो म्हणाला आणि राबाला फांद्या मागायला शेजाऱ्याच्या बांधाकडे चालू लागला.