शाळेची सरपंच बुधरी

आरमोरीच्या पलीकडे, जंगलाला टेकलेल्या एका गावात १९५५ साली इंदुताई मास्तरीण म्हणून आल्या. नागरिकशास्त्राचा धडा नुसता वाचून दाखवणं त्यांच्या जिवावर येई. एकदा त्यांनी मुलांना विचारलं, "हे गाव कोणाचं?"

"मालगुजाराचं!" सगळी एका सुरात ओरडली.

"मालगुजारी गेली आता, गावावरची त्यांची मालकी संपली. बरं, गावचं तळं कोणी खणलं?"

गावाबाहेरच्या गोंडटोल्यावरची, गोंडांच्या वस्तीतली बुधरी उठली. "माह्या आज्यानं. माती वाहून वाहून त्याची पाठ वाकली, बाई."

"मग गाव तुझंही आहे," ताई म्हणाल्या.

त्यांनी शाळेचीच पंचायत निवडायची ठरवली. मुलांनी मडक्यांत चिंचोके टाकून मतं दिली. बुधरी सरपंच झाली. सव्वीस जानेवारीला झेंडा सरपंचच चढवणार, असं ताईंनी जाहीर करून टाकलं.

त्या दिवशी बुधरी न्हाऊन, केसांना तेल चोपडून, दोरी धरून उभी होती. तेवढ्यात जुने मालगुजार भैयाजी मुलाला घेऊन आले. आवाज न चढवता म्हणाले, "बाई, शाळेची खोली माह्या जाग्यावर हाय. माहा पोरगा इथी उभा असताना हे पोरगी झेंडा चढवनार काय?"

ताईंनी बुधरीच्या हातातली दोरी काढून भैयाजींच्या मुलाकडे दिली. "तू लहान आहेस अजून," त्या म्हणाल्या. भैयाजींचा मुलगा जेमतेम तिच्या खांद्याएवढा होता.

दुसऱ्या दिवसापासून बुधरी शाळेत आली नाही. पाण्याचे माठ कोणी भरायचे, हे ठरवायला ताईंनी पुन्हा मतं मागितली, तर एकही हात हलला नाही. सुकलू निरागसपणे म्हणाला, "तुमीच सांगा ना बाई, कोनाचं नाव घ्याचं ते."

शाळा सुटताच ताई टोल्यावर गेल्या. बुधरीची आई रंभा धान कांडत होती. तिनं बाज टाकली. ताई बसल्या नाहीत. "चूक माझी झाली. मी भ्याले."

"आमी बी भेतो, बाई," रंभा म्हणाली. "पन गाव तुहं हाय, असं आमी पोरीले कधी सांगतलं नव्हतं."

सकाळी ताईंनी वर्गापुढे तीच कबुली दिली. मुलं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली.

काही दिवसांनी बुधरी आली आणि मागे, दाराशी बसली. ताईंनी प्रश्न विचारला, की ती उठायची, बरोबर उत्तर द्यायची. पुस्तकात असेल तेवढंच.