घाटनांदूरची गिटार

मला राग आला की आधी तोंड चालतं, डोकं मागून येतं. घरचे म्हणायचे, ह्याच्या जिभेला हाड न्हाई. खरंच म्हणायचे. त्या जिभेनं मी काय घालवलं ते सांगतो.

धारूरला आमचं कापडाचं दुकान. गावात नुकतीच केबल आली होती. बरोबरीची पोरं एकेक करून पुण्याला, औरंगाबादला गेली, कुणी कॉम्प्युटर शिकायला, कुणी कंपनीत. मी राहिलो, कारण दुकानाला मी एकटाच. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलबोल बोलायचं आणि शटर ओढलं की बोलायला माणूस नाही. भरल्या घरात बसून हे सांगणार तरी कुणाला? लोक म्हणाले असते, ह्याला सुख टोचतंय.

अंबाजोगाईत तेव्हा लग्नांत वाजवणारा एक ऑर्केस्ट्रा निघाला होता. पाच जण, माझ्याच वयाचे, एका जीपमधून हिंडणारे, एका ताटात जेवणारे. एका लग्नात मी त्यांना गाठलं आणि विचारलं, मला घ्याल का? गावातल्या एका मास्तरांच्या जुन्या साध्या गिटारवर माझी बोटं बसलेली होती. कीबोर्डवाला म्हणाला, "इलेक्ट्रिक गिटार आण, मग बघू." झालं! खरं सांगायचं तर गिटारपेक्षा मला त्या जीपमधली जागा हवी होती.

तयार गिटारची किंमत ऐकून वडील म्हणाले, "येवढ्यात म्हैस येती." मग कुणीतरी घाटनांदूरच्या एका म्हाताऱ्या कारागिराचा पत्ता दिला. सगळे त्यांना चाचा म्हणत. वीणा, तंबोरे, सतारी बनवायचे, पेट्या दुरुस्त करायचे. मासिकातलं गिटारचं चित्र फाडून मी त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी चष्मा लावून ते उलटंसुलटं बघितलं.

"ह्याला भोपळा कावून न्हाई?"

"करंटवर वाजती चाचा. पोकळ काही लागत नाही."

"लई अजब. बनवू बेटा, बनवू."

पुढचे पाच महिने दुकानाची सुट्टी आली की मी एसटीनं घाटनांदूर गाठायचो. जुन्या दाराच्या सागवानाचं अंग झालं, शिसवाची दांडी झाली. तारांचा आवाज पकडायला शेजारच्या मोटार वाइंडिंगवाल्यानं जुन्या रेडिओतली केसाएवढी तार लोहचुंबकावर गुंडाळून दिली. चाचा तासता तासता बोलायचे, आणि मी बोलायला लागलो की हातातलं काम थांबवून ऐकायचे. चाची वारल्यापासून तेही एकटेच होते. सुट्टीच्या दिवशी मला सकाळपासूनच बरं वाटायचं. कशानं वाटतंय हे मात्र कळत नव्हतं, डोक्यात ती जीप बसलेली.

दांडीवर पितळेच्या आडव्या पट्ट्या बसवायच्या, त्यांना चाचा पडदे म्हणत. पडद्यांची मापं मी दिलीच नव्हती. मापं लागतात हेच मला ठाऊक नव्हतं. चाचांनी सतारीला लावतात तसे पहिल्या तारेवर कान लावून, एकेक सूर ऐकत पडदे बसवले. मग मांडववाल्याचा अॅम्प्लिफायर आणला आणि मी त्या एका तारेवर भजनाची चाल वाजवली. आयला, काय सूर होता! अंगावर काटा आला. चाचा डोळे मिटून बसले होते. म्हणाले, "माझ्या हातनं येवढा खरा सूर आजवर लागला न्हवता बेटा."

आठ दिवसांनी तालमीला गेलो. सहाही तारा एकदम छेडल्या आणि सगळं बोंबललं. सतारीची चाल एका तारेवर चालते. गिटारच्या सहाही तारा एकाच पडद्यावर खऱ्या लागाव्या लागतात. इथं पहिली सोडून एकही लागेना. मी म्हणालो, गिटारच चुकलीय. कीबोर्डवाला हसला, "नाचता येईना अंगण वाकडं, बे!" बाकीचेही हसले. माझे कान तापले.

तिथनं उठलो तो थेट घाटनांदूर. चाचांकडं दोन भजनी माळकरी वीणा न्यायला आलते. त्यांच्यादेखत मी ओरडलो, "चाचा, बेसूर करून ठेवलीत गिटार! येत नव्हतं तर काम घेतलं कावून?"

चाचांनी माळकऱ्यांना वीणा दिली, रामराम केला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "पडदे कशे पाहिजेत?"

पुढच्या खेपेला मास्तरांच्या गिटारवरून पडद्यांच्या खुणा कागदावर उतरवून नेल्या. हे आधी सुचायला काय धाड भरली होती मला? चाचांनी एकेक पडदा उपटला, खाचा भुसा आणि सरस भरून बुजवल्या, नव्या कापल्या. त्यात दोन दिवस गेले. शेवटी गिटार हातात देऊन म्हणाले, "घ्या शेट. तुमच्या मापाची हाय." बेटाचा मी शेट झालो.

ऑर्केस्ट्रात मला घेतलं. एक लग्नसराई मी जीपमध्ये बसलो, आणि खोटं कशाला बोलू, मजा आली. दुसऱ्या सालाला कीबोर्डवाल्यानं परदेशी कीबोर्ड आणला. त्यात एक बटण दाबलं की गिटार वाजायची. माझ्या जागेवर साउंडची पेटी बसली. कुणी भांडलं नाही, कुणी सांगितलंही नाही, फक्त बोलावणं येईना.

मी दोन महिने वाट बघितली आणि घाटनांदूरला गेलो. म्हणालो, "चाचा, चुकलं माझं. पडदे पहिल्यासारखे लावून द्या. मला एकाच तारेवर वाजवायचंय. तुमच्यापुढं बसून वाजवायचंय."

चाचांनी दांडीवरून अंगठा फिरवला. "न्हाई होत आता. दोनदा कापलेलं लाकूड हाय. अजून खाच पाडली तर मोडंल."

"मग दुसरी दांडी करा. लागेल तेवढे दिवस घ्या."

"दांडी हुईल शेट. पडदे कोन लावंल?" ते गिटारकडं बघत म्हणाले. "तुमी बोलून गेलात तवापासनं मला माझ्या कानाचा भरोसा न्हाई राहिला. साधा तंबोरा लावला तरी आलेल्या मानसाला इचारतो, बरोबर लागला का म्हनून."

मला रडू फुटलं. "चाचा, तुमचा सूर खरा होता हो," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली, गिऱ्हाइकाचं मन राखायला डोलावतात तशी.