शेवाळावरची फुलं

निशी-कसाईतल्या आमच्या बाल्कनीत कॅमेलियाचं पहिलं फूल गळलं की मला कामाकुराच्या एका जुन्या जपानी देवळाची बाग आठवते. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी तिथे शेवाळावर पडलेली लालभडक फुलं भराभर पदरात गोळा केली. "देवाच्या दारातली फुलं, पायदळी जातील गं!" तेवढ्यात बाग राखणाऱ्या आजी लगबगीने आल्या. इथे गळलेली फुलं मुद्दाम तशीच बघायला ठेवतात, असं त्यांनी सांगितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ते मराठीत सांगितल्यावर सासूबाई मात्र शांतपणे खाली बसल्या आणि पूजेत मांडतात तसं एकेक फूल परत शेवाळावर ठेवू लागल्या. आजींनी मान तिरपी करून पाहिलं, एक फूल जरासं सरकवलं, आणि दोघी हसल्या. आता व्हिडिओ कॉल लागला की सासूबाई आधी विचारतात, "फुलं झाडून नाही ना टाकलीस?"