मेन पाडू का?

सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांची एक रीत आहे. नवं काही बाजारात आणायचं झालं, की त्या आधी जुन्याच्या मरणाची तारीख जाहीर करतात. भाषा मात्र अशी गोड, की वाचणाऱ्याला वाटावं आपलं बारसंच आहे. शेखरला ही भाषा पुरती कळायची. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो सर्व्हर सांभाळायचा. लोक सकाळी चहाबरोबर पेपर वाचतात, तशा तो रिलीज नोट्स वाचायचा. नव्या आवृत्तीत काय आलं आणि काय काढून टाकलं, त्याची ती पत्रकं. त्याची बायको उज्वला चेष्टा करायची, की असं काय असतं त्यात, ना कोणाचं लग्न ना कोणाची मयत. शेखर म्हणायचा, लग्नं नसतात, मयती असतात.

एके दिवशी त्याच्याच घरची मयत आली. कारखान्याचा सगळा कारभार ज्या सॉफ्टवेअरवर चालायचा, त्याची जुनी आवृत्ती वर्षअखेर बंद होणार होती. नवी आवृत्ती फक्त क्लाउडवर मिळणार होती. म्हणजे माल, चलनं, हजेरी, सगळं दूर कुठल्या तरी परक्या इमारतीतल्या यंत्रांवर जाणार, आणि शेखरच्या थंडगार खोलीतलं काळं कपाट रिकामं होणार. त्या खोलीत त्याची उमेदीची वर्षं सरली होती. पहिला सर्व्हर टेम्पोतून उतरवताना खांदा देणाऱ्यांत तो होता. तेव्हा त्याचे केस काळे होते आणि कारखान्यातले साहेबही चपला बाहेर काढून त्या खोलीत यायचे.

कंपनीच्या सगळ्या कारखान्यांचं संगणकाचं काम पुण्याहून अंजली मॅडम पाहायच्या. शेखरपेक्षा वयाने बऱ्याच लहान, पण बाई सरळ. त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की सर, हे स्थलांतर तुमच्या हातून नीट पार पडलं तर नव्या व्यवस्थेचे प्रमुख तुम्हीच. त्यात घोळ झाला, तर वरची मंडळी सगळं काम पुण्याच्या एजन्सीला देतील आणि मला त्यांना अडवता येणार नाही. शेखरने मान डोलावली. पंचेचाळिशी उलटलेला, डिप्लोमा झालेला माणूस, मुलगी बारावीला. एकदा बाहेर पडल्यावर आपल्याला दुसरीकडे कोण उभं करणार, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्याने डोळ्यांत तेल घालून तयारी केली. परीक्षा दिली, प्रमाणपत्र मिळवलं, आणि दिवस निवडला तो खंडेनवमीचा. यात त्याची हुशारी होती. त्या दिवशी कारखान्यात एकही यंत्र चालत नाही. सगळी पुसूनपासून, हळदकुंकू लावून, हार घालून ठेवायची आणि दसऱ्याला नारळ फोडून सुरू करायची. कोणी नवी नोंद करणार नाही, त्यामुळे जुन्या सर्व्हरवरचा सगळा डेटा निवांत क्लाउडवर जाईल. अंजली मॅडमना ही कल्पना एवढी आवडली, की त्यांनी ती वरिष्ठांना शेखरच्या नावानिशी कळवली.

खंडेनवमीला सर्व्हरचीही पूजा व्हायची. हार शेखरच्या घरचा. त्याचे वडील धोंडीराम मखमलाबादला झेंडू लावायचे. नवमीला गणेशवाडीच्या फूलबाजारात माल पाठवायच्या आधी त्यातली टपोरी फुलं बाजूला काढून ते स्वतः हार ओवायचे. आपल्या पोराचं मशीन कारखान्यातल्या सगळ्या मशिनांचं डोकं आहे, असं ते भावकीत सांगत. ते एकदाही त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

पूजेचा क्रम ठरलेला होता. शेखर सर्व्हर बंद करायचा, हार घालायचा, आणि मग दारात जयराम उभा राहायचा. जयराम कारखान्याचा वायरमन, हरसूलकडचा, ठेकेदाराच्या नावावर कामाला. खांद्यावर टॉवेल, शर्टाच्या खिशात टेस्टर. तो विचारायचा, "भाऊ, मेन पाडू का?" शेखर म्हणायचा, "पाडा." मग जयराम मेन स्विच पाडायचा, सगळा कारखाना अंधारात जायचा, आणि पॅनेलची पूजा व्हायची. मेन एकदा पडला की दसऱ्यापर्यंत कोणी हात लावायचा नाही. हे इतक्या वर्षांत दोघांच्या अंगवळणी पडलं होतं.

त्या नवमीला सर्व्हर बंद करायचा नव्हता, म्हणजे मेनही पाडायचा नव्हता. आदल्या संध्याकाळपासून डेटा जात होता आणि अजून निम्मा जायचा होता. कपाटात हिरवे दिवे लुकलुकत होते. शेखर चालत्या यंत्राच्या पंख्यात फुलं जाऊ नयेत म्हणून जपून हार अडकवत होता. कानाशी मोबाइल, पलीकडून अंजली मॅडम कुठवर आलं ते विचारत होत्या. एवढ्यात दारातून जयरामने विचारलं, "भाऊ, मेन पाडू का?"

शेखर म्हणाला, "पाडा."

आपण काय बोललो, हे त्याला कळलंसुद्धा नाही. खोलीतले दिवे गेले, पण ते दर वर्षीच जायचे. सर्व्हर यूपीएसवर चालत राहिला, हिरवे दिवे लुकलुकत राहिले. यूपीएसच्या बॅटऱ्या जुन्या झाल्या होत्या. खोलीच बंद होणार तर नव्या कशाला, म्हणून त्यांची मागणी कोणीतरी बाजूला ठेवली होती. सगळ्यांनी पेढे खाल्ले, कुलपं लावली आणि माणसं घरी गेली. शेखर घरून मोबाइलवर काम पाहत होता. मध्येच ते अडकलं, तेव्हा त्याला वाटलं, पलीकडचीच यंत्रणा सुस्तावली असेल, असं कैकदा होतं. ऊन कललं तरी ते हललं नाही, तेव्हा मात्र त्याने गाडी काढली. खोलीत शिरला तर बॅटऱ्या संपलेल्या, कपाट काळंठिक्कर, आणि हार जसाच्या तसा.

दसऱ्याला नारळ फुटला, पण सर्व्हर उठला नाही. त्यातली एक डिस्क कायमची गेली होती. आधीची प्रत शाबूत होती म्हणून अनर्थ टळला, पण ती परत चढवेपर्यंत दिवस गेले. चलन निघेना, म्हणून भरलेले ट्रक फाटकाशी उभे राहिले. एका मोठ्या गिऱ्हाइकाने मुंबईच्या मुख्य ऑफिसात फोन करून आगपाखड केली. डेटा अखेर क्लाउडवर पोचला, पण त्याआधी चौकशी बसली.

चौकशीला जायच्या आधी जिन्याखाली जयराम शेखरला भेटला. त्या दिवशी काय बोलणं झालं ते दोघांनाच ठाऊक होतं; पंख्यांच्या आवाजात फोनवरच्या मॅडमना तो शब्द कळला नव्हता. जयराम हळूच म्हणाला, "भाऊ, तुमी काय बोलू नका. मी सांगतो, न इचारता पाडलं म्हून. माझं काय, दोन शिव्या खाईन. मला कोन काढतंय, मेन पाडायला मानूस लागतंच ना." शेखर त्याला नको म्हणणार होता. नको म्हणायचं, असं तो जिना चढताना मनाशी घोकत होता.

केबिनमध्ये प्लांट हेड बसले होते आणि स्क्रीनवर अंजली मॅडम. विचारणा झाली तशी जयराम उठला आणि ठरल्याप्रमाणे बोलला. सवयीने पाडलं साहेब, इचारायचं राहिलं. सगळ्यांनी शेखरकडे पाहिलं. तेव्हा तोंड उघडायला वेळ होता, भरपूर होता. अंजली मॅडम म्हणाल्या, मग यात शेखरसरांची काही चूक दिसत नाही. ते ऐकलं आणि शेखरच्या जिवात जीव आला. पुढे त्याने स्वतःला पुष्कळ समजावलं, की आपण गोंधळलो होतो, की बोलणारच होतो. पण जिवात जीव आला होता हे त्याला विसरता येईना. त्याची लाज त्याला नोकरी जाण्याच्या भीतीपेक्षाही जड गेली.

जयरामला दोन शिव्यांवर सोडलं नाही. गिऱ्हाइकाला कोणावर तरी कारवाई झालेली दाखवायची होती, आणि ठेकेदाराच्या माणसावर ती करणं सगळ्यात सोपं. महिना संपला आणि ठेकेदाराने त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. जयराम फाटकातून बाहेर पडला तेव्हा शेखर खिडकीत होता. तो खाली गेला नाही.

थोड्याच दिवसांत त्या सॉफ्टवेअरची पुढची आवृत्ती आली. शेखरने नेहमीप्रमाणे पत्रक उघडलं. त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, की डेटा वाहून नेत असताना वीज गेली किंवा संपर्क तुटला, तर काम आता आपोआप थांबेल, आणि पुन्हा जोडल्यावर जिथे थांबलं तिथूनच सुरू होईल. मूळ डेटाला धक्का लागणार नाही. शेखरने ती ओळ पुन्हा वाचली आणि लॅपटॉप मिटला. सकाळी रिलीज नोट्स वाचणं त्याने तेव्हापासून सोडलं. उज्वलाने विचारलं तर म्हणाला, डोळे दुखतात.

तो नव्या व्यवस्थेचा प्रमुख झाला. दारावर पाटी आली, पगारही थोडा वाढला. काम म्हणाल तर उरलं नव्हतं. क्लाउड स्वतःचं स्वतः अद्ययावत व्हायचा, रात्रीत बदलायचा, सकाळी माणसांना नवी बटणं दिसायची आणि ती शेखरला विचारायची, की हे कुठे गेलं, ते कुठे गेलं. जुनं कपाट भंगारवाला घेऊन गेला. त्या थंडगार खोलीत मोडक्या खुर्च्या पडल्या. घरी वडिलांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

वर्ष फिरलं. खंडेनवमीच्या सकाळी धोंडीरामांनी केळीच्या पानात गुंडाळून हार हातात दिला. म्हणाले, औंदा फूल लय चांगलं आलंय, तुझ्या मशिनीला शोभून दिसंल. शेखर तो घेऊन कारखान्यात गेला. तिथे हार घालावा असं त्याच्याकडे काही नव्हतं. लॅपटॉपला घालून पाहिला, तर ते सोंगच वाटलं. नव्या वायरमनने कोणालाही न विचारता मेन पाडला. शेखर गाडीवर बसला आणि चुंचाळ्याला जयरामच्या घरी गेला.

जयराम हल्ली मिळेल तिथे वायरिंगची कामं करायचा. पत्र्याच्या दोन खोल्या, दारात तुळस. पाटावर त्याची पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर अशी हत्यारं धुऊन मांडली होती. त्याची बायको नवसाबाई हळदकुंकू लावत होती. जयराम वाळला होता, पण शेखरला पाहून त्याचा चेहरा खुलला. या भाऊ, म्हणाला, बसा. हार हातात घेऊन त्याने वास घेतला. त्या एवढ्याशा हत्यारांना तो फारच मोठा होत होता, म्हणून त्याने तो दुहेरी करून ठेवला. कारखान्यातल्यांची ख्यालीखुशाली विचारली. मग भिंतीवरच्या मीटरची पूजा करायला उठला, आणि स्विचवर हात ठेवून त्याने मागे वळून पाहिलं.

"भाऊ, मेन पाडू का?"

त्यात टोमणा नव्हता. ते नुसतं सवयीनं आलं होतं, आणि म्हणूनच शेखरला सोसलं नाही.

"त्या दिवशीही तुम्ही विचारलं होतं, जयरामभाऊ," तो म्हणाला. "मीच पाडा म्हणालो होतो. केबिनमध्ये बोललो नाही."

नवसाबाईचा कुंकवाचा हात तसाच राहिला. तिने आधी शेखरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"मला तर म्हनले, इचारायचं राहिलं," ती म्हणाली. "वरीसभर मी यांनाच बोलत आले. लेकासमोर ताटावर बोलले, पावन्यांच्या देखत बोलले. हे एक दिस उलटून बोलले नाय."

तिने पदराने हात पुसले आणि ती दारावरचा पडदा सारून आत निघून गेली. शेखरला तिथून उठवेना आणि बसवेना. जयराम थोडा वेळ त्या पडद्याकडे पाहत राहिला. मग त्याने मेन पाडला, आणि डोक्यावरचा पंखा हळूहळू थांबला.