काकीची जास्वंद

काकीची तांबडी जास्वंद माझ्या हातून मेली. फवारणीच्या औषधाचा उग्र वास आला की ती अजून आठवते. त्या वर्षी आंब्यावर मारून पंपाच्या तळाशी थोडं औषध उरलं होतं, आणि काकीने माहेराहून फांदी आणून विहिरीजवळ वाढवलेली ती जास्वंद पिठ्या ढेकणांनी पांढरी पडली होती. ढेकणांचा गोड चिकटा चाटायला मुंग्यांची रांग लागली होती. मी पंप घेऊन गेलो तर काकी आडवी आली. "मारू नको रे! त्या पिठात एक अळी आसा, ती ढेकणांका खाता." मी हसलो. "अळी झाड राखता? मग तिका रोज चाय देतंस काय गो?" ती बाजाराला गेल्यावर मी फवारलंच. संध्याकाळी खाली मेलेल्या मुंग्या होत्या आणि त्यांच्यात अंगभर तेच पांढरं पीठ माखलेल्या जाड अळ्या. ढेकूण मात्र पिठाखाली तगले, पुन्हा वाढले आणि झाड वाळलं. काकीने ते न्हाणीच्या चुलीत घातलं. यंदा तिच्या नव्या जास्वंदीवर पीठ दिसलं, तेव्हा मी पंप घरीच ठेवला आणि रोज जाऊन बघत राहिलो. अळी आली. तिच्या पिठामुळे मुंग्या तिलाही ढेकूणच समजून अंगावरून बिनधास्त जात होत्या आणि ती ढेकूण खात होती. आठवड्याभरात शेंडा हिरवा झाला, पहिली कळी धरली. मी काकीला हाताला धरून झाडापाशी नेलं आणि म्हणालो, "काकी, माझा चुकला गो. तेव्हाच तुझा आयकाक व्हया होता."