दुमडीतला सैल टाका

माझी सून प्रयोगशाळेत डब्या करते. मोहरीच्या एका दाण्यावर कोट्यवधी मावतील, एवढ्याशा. सामान म्हणजे डीएनएचा एक लांब धागा. तो छोट्या धाग्यांनी जागोजागी टाचायचा, खारट पाण्यात तापवून हळूहळू निववायचा, की आपली आपण घडी घालून त्याची डबी होते. मी चौथी नापास. पण टाके म्हटलं की मला कळतं.

तिच्या डबीचं झाकण काही केल्या मिटेना. आत औषध ठेवायचं होतं. महिनाअखेरपर्यंत जमलं नाही, तर साहेब काम दुसऱ्या कुणाला देणार होते. पोरीचं जेवणात लक्ष नव्हतं.

चष्म्याचं घर शिवता शिवता मी विचारलं, "झाकणाच्या दुमडीवर टाके किती?"

"सगळीकडे सारखे, आई. एकदम पक्के."

"मग ते वळणार कुठून? मी दुमडीत धागा जरा सैल सोडते."

"आई, ते कापड नाही हो."

"नसू दे. वाकायला जागा त्यालाही लागत असेल."

ती कितीतरी वेळ माझ्या चष्म्याच्या घराचं झाकण उघडझाप करत बसली.

महिना संपता संपता तिनं सूक्ष्मदर्शकातला फोटो आणला. करड्या धुक्यात इवल्या डब्या, झाकणं पापण्यांसारखी मिटलेली.

"दुमडीत सैल सोडलं, आई. काम माझ्याकडेच राहिलं."

"मग माझ्या शिलाईचे पैसे काढ," मी म्हटलं.

हल्ली दुपारी डोळा लागला की त्या डब्या तरंगत येतात, आणि मी एकेकीचं झाकण हलकेच लावत जाते.