चारही पेपरांत कल्याणच होतं

हे मुंबईच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होते आणि आम्ही बदलापूरला, बेलवलीत राहायचो. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. ह्यांच्या पेपरासारखे आणखी तीन पेपर एकाच वृत्तसंस्थेकडून बातम्या विकत घ्यायचे. टेलिप्रिंटरवर इंग्रजीत मजकूर यायचा, प्रत्येक पेपर त्याचं आपापलं मराठी करायचा. संस्था काम नीट करते की नाही हे ठरवायला चारही पेपरांची माणसं अधूनमधून बैठक भरवायची, आणि तिथे आपल्या पेपराच्या वतीनं बोलायचं काम ह्यांच्याकडे. त्यामुळे पेपरवाला आमच्या दारात रोज चारही पेपर टाकायचा, आणि सुट्टीच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नसायची. सगळे पेपर अंथरून हे त्यांच्यात गुडघ्यांवर बसायचे. संस्थेची कुठली बातमी कुणी घेतली, कुणी टाकून दिली, ते बघायचे. चौघांनी सारखी छापली, की ती पक्की; बैठकीत ती ‘बरोबर’मध्ये धरायची.

“अहो, एकाच विहिरीचं पाणी चार हंड्यांत भरलंत, तर चव वेगळी लागेल कशी?” मी एकदा विचारलं.

“तुला नाही कळायचं ते,” हे म्हणाले. नसेल बाई कळत!

माझा धाकटा भाऊ शहाडजवळ रंगाच्या एका कारखान्यात होता. लग्न व्हायचं होतं. उल्हासनगरच्या कँपात, लष्कराच्या जुन्या बराकीतली एक खोली घेऊन राहायचा. शेजार सगळा सिंधी. रविवारी पापडांचा पुडा घेऊन आमच्याकडे यायचा आणि दारातूनच ओरडायचा, “ताई, भूक!” हावरट कुठला.

एके सकाळी त्याच्या शेजारचे सिंधी काका आमच्या दारात उभे. धापा टाकत होते. आदल्या संध्याकाळी कारखान्यातला बॉयलर फुटला होता आणि भाऊ भाजला होता.

“कहाँ ले गये, पक्का नहीं मालूम, बहन,” काका म्हणाले. “गेटपे लोग बोलते हैं, गाडी बंबई गयी.”

तोवर ह्यांनी पेपर उघडला होता. बातमी आली होती, कोपऱ्यात, चार ओळींची. जखमींना कल्याणच्या इस्पितळात हलवलं आहे, सर्वांची प्रकृती ठीक आहे.

“कल्याण,” हे म्हणाले. दुसरा पेपर उघडला, तिसरा उघडला. “ह्यातही कल्याण. हा बघ. चौघांत कल्याणच आहे.”

“अहो, गेटवर मुंबई म्हणतायत. आधी शहाडला जाऊन विचारू या ना!”

“गेटवरची माणसं काय, काहीही बोलतात. चार पेपर चुकतील का गं?”

वाईट नव्हते हो हे. माझ्या भावाला पोरासारखं वागवायचे. घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला छापलेलं बरं वाटतं. प्रकृती ठीक आहे, हे मलाही ऐकायचंच होतं. आम्ही कल्याणला गेलो.

तिथे भाजलेलं कुणी आलंच नव्हतं. मी म्हटलं, चला मुंबईला. हे म्हणाले, थांब, दुसऱ्या वॉर्डात असेल. मग दुसरं इस्पितळ. मग डॉक्टर येण्याची वाट. हातातला पेपर हे ज्याला त्याला दाखवत होते, “इथेच आणलंय हो, छापलंय ना!” एक वॉर्डबॉय तर हसला. दुपार अशी नासली. शेवटी भर व्हरांड्यात मी किंचाळले, “घाला तो पेपर चुलीत!” तेव्हा कुठे हे हलले.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पोचलो, तर त्याच्या खाटेवरची चादर बदलत होते.

“ताई म्हणजे तुम्हीच का?” नर्सनं विचारलं. मी मान हलवली. “दुपारपर्यंत शुद्धीवर होता. सारखं विचारायचा, ताईला कळवलं का. मी म्हटलं, पेपरात आलं असेल, येतीलच आता.”

मी तिथेच फरशीवर बसले. रडूसुद्धा आलं नाही. राग मात्र असा आला, की तो अजून गेलेला नाही.

मागाहून कळलं ते एवढंच. बातमी पाठवणाऱ्या माणसाला फोनवर कुणीतरी सांगितलं होतं, जखमींना इस्पितळात नेलं म्हणून. शहाडहून नेलं म्हणजे कल्याणलाच, असं तो धरून चालला. विचारलं कुणीच नाही.

पुढच्या बैठकीला हे गेले, ते तीच बातमी घेऊन. मला काही नको होतं. चुकलं, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. हे परत आले आणि चपलासुद्धा न काढता बसले.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, कुठल्या पेपरात वेगळं आलंय का, दाखवा.”

“मग?”

“मी म्हटलं, माझा मेहुणा होता तो.”

“मग?”

“सगळे उठून उभे राहिले. माना खाली घालून.” हे थांबले. “मग बसले, आणि ती बातमी बरोबरमध्ये धरली.”